चैत्रातले ओसरते पाणी आणि गळ: उजनीवर वसंतात मासा कुठे असतो

गुढीपाडव्याच्या आगेमागे भिगवण किंवा कुंभारगावच्या बाजूने उजनी धरणाच्या काठावर उतरले, की आधी जमीन दिसते आणि पाणी नंतर. दिवाळीत जिथे होडी लागत होती तिथे भेगाळलेली काळी माती असते, तिच्यावर कुणीतरी गाळपेर केलेली असते, आणि पाणी त्याच्याही पलीकडे उन्हात लखलखत असते. गळ घेऊन आलेला नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. जानेवारीत मासा जिथे लागला होता त्याच्या समोरच, नव्या काठावर तो बसतो, आमिष बदलून बदलून पाहतो, आणि ऊन डोक्यावर आले की उजनीत आता मासाच राहिला नाही असे म्हणत घरी जातो. मासा असतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. वसंतात, म्हणजे चैत्र-वैशाखात, तो कुठे गेला हे ओळखायचे तर तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्या लागतात: पाणी किती आणि किती वेगाने उतरले, ते कुठे किती तापले, आणि त्यात प्राणवायू कुठे उरला. आमिषाचा विचार त्यानंतर करायचा.

पाण्याच्या पातळीपासून सुरुवात करू, कारण उजनीचे सगळे वेगळेपण तिच्यात आहे. भीमेवरचे हे धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. ते 1980 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला यशवंतसागर हे नाव आहे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, पण त्यातला 63.66 टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे तळचे राखीव पाणी आहे आणि उपयुक्त साठा 53.57 टीएमसीच आहे. धरण भरलेले असते तेव्हाची पातळी 496.83 मीटर, आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हाची 491.03 मीटर. मधला फरक अवघा 5.8 मीटरचा, म्हणजे दोन मजली घराच्या उंचीएवढा. एवढ्याशा उंचीत पन्नास टीएमसीहून अधिक पाणी मावते, याचा अर्थ हा जलाशय एखाद्या अफाट परातीसारखा पसरट आहे. सह्याद्रीतल्या कोयना किंवा भंडारदऱ्यासारख्या खोल दरीतल्या धरणात पाणी पाच मीटर उतरले, तर काठ थोडासा खाली जातो. उजनीत ते पाच मीटर उतरले, तर काठ शेकडो मीटर मागे सरकतो. जिथे शंभर मीटर चालल्यावर जमीन एक मीटर उतरते, तिथे पातळी एका दिवसात पाच सेंटिमीटर खाली गेली, तरी पाणी पाच मीटर दूर जाते. काल रोवलेली काठी आज कोरड्यात उभी असते ती यामुळे.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी उणे 20 टक्के' असे मथळे येतात आणि त्याने पुष्कळांचा गोंधळ होतो. ही टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची मोजतात. तो संपून मृतसाठ्यातले पाणी वापरायला सुरुवात झाली, की आकडा शून्याखाली जातो. 2024 च्या जूनच्या सुरुवातीला तो उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेला होता, तेव्हाही धरणात तीस टीएमसीहून अधिक पाणी होतेच. गळ टाकणाऱ्याने या बातमीतून एवढेच उचलायचे, की पसरट उथळ भाग उघडे पडले आणि मासे जुन्या भीमेच्या पात्राकडे गोळा झाले. पळसदेवचे बुडालेले मंदिर पाण्यातून किती वर आले आहे, हे पाहूनही जाणती माणसे तोच अंदाज बांधतात.

उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडायचे पाणी) सुटले आणि पाणी रोज उतरू लागले, की मासा उथळात थांबायला कचरतो. मागे जायची वाट मोकळी आहे अशा जागी तो राहतो. म्हणून सपाट, लांबच लांब उथळ काठ सोडून द्यावा आणि उतार एकदम खोल होतो अशी जागा शोधावी: जुन्या नदीपात्राची दरड, एखाद्या ओढ्याचा बुडालेला मुखभाग, बुडालेल्या गावातल्या दगडी भिंतींचे अवशेष, पूर्वीचा रस्ता, पाण्यात उभी वाळून गेलेली बाभळीची खोडे. या जागा उन्हाळ्यातच पाहून ठेवता येतात, कारण तेव्हाच त्या उघड्या पडतात. उणे साठ्याच्या वर्षी काठाने एक फेरी मारून कुठे विहिरीचे कठडे आहेत आणि कुठे दगडी बांध आहे हे वहीत टिपून ठेवले, तर ती माहिती पुढची कितीतरी वर्षे कामी येते. गळाच्या सामानावर खर्च करण्याआधी ही फेरी मारावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक जागा खास उजनीचीच. पाणी मागे सरले की शेतकरी आपल्या मोटारी पुढे सरकवतात, आणि मोटारीपर्यंत पाणी यावे म्हणून गाळातून लांब चाऱ्या खोदतात. या चाऱ्यांच्या तोंडाशी लहान मासळी जमते आणि तिच्या मागे मोठी येते. मात्र तिथे पाण्यातून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्या जवळ पाण्यात पाय घालू नये आणि गळही टाकू नये. अडकलेला गळ सोडवायला केबल ओढणे जिवावर बेतू शकते.

आता तापमान. वसंतातल्या मासेमारीवर इंटरनेटवर जे मिळते ते बहुतेक अमेरिकेतले असते, आणि तिथले आडाखे इथे लागू पडत नाहीत. कारण समजून घेण्यासारखे आहे. पाणी सर्वांत जड असते ते 4 अंश सेल्सिअसला. थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात. वसंतात वरचे पाणी तापत तापत 4 अंशांवर येते, जड होऊन खाली बसते, तळाचे पाणी वर येते, आणि सगळे तळे घुसळून निघते. तिथल्या माशांना वसंत म्हणजे उपासानंतरचे जेवण आणि विणीची वेळ. मिशिगन किंवा मिनेसोटात राहणारे मराठी वाचक हे डोळ्यांनी पाहतात. आपल्याकडचे पाणी 4 अंशांच्या जवळपासही जात नाही. आपल्या जलाशयांत वरचे पाणी थंडीत गार होऊन खाली बसते, त्यामुळे घुसळण हिवाळ्यातच होऊन जाते, आणि वसंतात उलटा प्रवास सुरू होतो: वर तापलेले हलके पाणी, खाली तुलनेने गार जड पाणी, आणि वारा पडलेला असला की या दोन थरांची फारकत.

मासा थंड रक्ताचा असल्यामुळे त्याची भूक पाण्याच्या उबेवर चालते. पौषातल्या गारठ्यात रोहू सुस्त असतो, फाल्गुन संपता संपता त्याची भूक वाढते, आणि चैत्राचा पहिला पंधरवडा हा कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी वर्षातल्या उत्तम काळांपैकी एक ठरतो. वैशाखात दुपारी वरचे पाणी फार तापते, तेव्हा हेच मासे खाणे टाळतात. तेवढ्यावरून 'खोल तिथे गार, गार तिथे मासा' असा सोपा निष्कर्ष काढला जातो. पण तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा समजण्यासाठी प्राणवायूकडे वळावे लागते.

पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर 30 अंशांना साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यातल्या माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यात उजनीची एक दुखरी बाब आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीतून भीमेत येते आणि या जलाशयात साठते. त्यातली पोषकद्रव्ये खाऊन शेवाळ माजते आणि वसंतात फुगवट्यातले, म्हणजे धरणामागे तुंबलेले, पाणी काही ठिकाणी हिरव्या रंगाने दाट होते. हे सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वास घेते. परिणामी दाट हिरव्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास. 'भल्या पहाटे गळ टाकावा' हा सगळीकडचा नियम अशा जागी फसतो. पहाटे तिथे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करताना दिसले, तर ते खायला वर आलेले नसतात, त्यांचा जीव घुसमटत असतो. त्यांच्यापुढे कितीही चांगले आमिष टाकले तरी ते शिवत नाहीत. अशा काठावर आठ-नऊ वाजेपर्यंत थांबावे, किंवा तुलनेने स्वच्छ, वाहत्या हवेच्या काठाकडे जावे.

खोल तळाशी दुसरी अडचण असते. तिथे कुजणारा गाळ प्राणवायू खाऊन टाकतो आणि वरचे पाणी खाली मिसळत नसल्याने तो भरून निघत नाही. म्हणून वैशाखात पार खोलात तळाला टाकलेले आमिष तासन्‌तास तसेच पडून राहते. मासा असतो तो मधल्या थरात: फार तापलेल्या पाण्याच्या खाली आणि प्राणवायू संपलेल्या पाण्याच्या वर. दरडीच्या काठाला गळ दोन मीटरवर, मग तीनवर, मग चारवर असा उतरवत गेल्यास हा थर सापडतो, आणि एकदा सापडला की त्या आठवड्यात तो फारसा हलत नाही.

वारा या सगळ्यावर उतारा आहे. दुपारनंतर वारा सुटला की लाटांमुळे हवा पाण्यात मिसळते, आणि पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव वाऱ्याबरोबर समोरच्या काठाकडे ढकलले जातात. कटला त्यांच्यावरच जगतो, त्यामुळे तोही त्या काठाकडे सरकतो. वारा पाठीशी घेऊन आरामात बसायची जागा आणि मासा लागण्याची जागा या बहुधा वेगळ्या असतात. वारा तोंडावर येईल, लाटा पायाशी आदळतील, अशा मुरमाड काठावर बसावे.

विणीच्या बाबतीत आपला वसंत आणखी वेगळा आहे. रोहू, कटला, मृगळ यांची वीण पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात होते; थांबलेल्या पाण्यात ते अंडी टाकत नाहीत. म्हणूनच जलाशयांत मत्स्यबीज सोडावे लागते, आणि ते बीज कृत्रिमरीत्या तयार करण्याचे तंत्र हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी यशस्वी केले, ज्याच्या स्मरणार्थ आजही 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात. वसंतात या माशांच्या पोटात अंडी तयार होत असतात, म्हणून त्यांना खाणे लागते. याउलट सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी (तिलापिया) हे दोन परदेशी मासे साचलेल्या पाण्यात आणि वसंतातही वितात. सायप्रिनस पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, त्यामुळे पानकणसे किंवा बुडालेले गवत असलेल्या काठाशी पहाटे त्याची खळबळ ऐकू येते.

चिलापीचे घर तर हातभर अंतरावरून पाहता येते. पाणी नुकतेच उतरलेल्या गाळात एकाला एक लागून खळगे दिसतात, जेवणाच्या ताटाएवढे गोल, कडा नीट उचललेल्या, तळ झाडून काढल्यासारखा गुळगुळीत. गेल्या आठवड्यात ते फूटभर पाण्याखाली होते. प्रत्येक खळगा एका नराने तोंडाने माती उचलून केलेला असतो. मादी तिथे अंडी टाकते, लगेच तोंडात घेते, आणि पिले पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. कोरडे खळगे दिसले की त्याच रेषेत पुढे, दोन-तीन फूट पाण्यात, आजचे खळगे असतात. काठावरून सावली पडू न देता पाहिले तर काळसर नर आपल्या खळग्यावर पंख हलवत उभा दिसतो. बारीक गळाला गांडुळाचा नखाएवढा तुकडा लावून तो खळग्यात हलकेच उतरवावा. नर तो भुकेने घेत नाही. घरातला कचरा तोंडात धरून बाहेर टाकावा तसा उचलतो आणि लगेच थुंकतो. म्हणून फ्लोट बुडण्याची वाट पाहू नये. तो जागचा जरा सरकला, की मनगटाने छोटा हिसका द्यावा. चिलापी भारतात 1952 मध्ये आणला गेला. तो काही महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो, आणि आता उजनीच्या मासळीत त्याचाच भरणा मोठा आहे. देशी माशांच्या वाट्याची जागा आणि खाणे त्याने घेतले आहे, त्यामुळे तो मनसोक्त पकडावा, त्यात संकोचाचे कारण नाही.

रोहू-मृगळासाठी चारा, म्हणजे मासे जमवायला पाण्यात टाकायचे खाद्य, लागतो. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा आणि भाजलेले बेसन पाण्यात घट्ट मळून, त्यात चिमूटभर ओवा किंवा मेथीची पूड घातली की काम भागते. वसंतात चारा कमी टाकावा. गरम पाण्यात न खाल्लेला चारा लवकर कुजतो आणि त्या जागेचा प्राणवायू खातो. मुठीएवढे तीन-चार गोळे संध्याकाळी टाकून दुसऱ्या सकाळी त्याच जागी गळ टाकणे हे टोपलीभर चारा ओतण्यापेक्षा फार चांगले. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, रोहू मधल्या पाण्यात आणि चाऱ्यापाशी खाली, तर वर उघडणाऱ्या तोंडाचा कटला वरच्या पाण्यात. म्हणून कटल्यासाठी गळ पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर टांगता ठेवावा लागतो. मोरपिसाच्या काडीचा हलका फ्लोट असेल, तर कोणता मासा आहे हे ओढीवरून कळते. रोहूचे ओठ झालरीसारखे असतात आणि तो पीठ कुरतडत खातो, त्यामुळे काडी नुसती थरथरते. ती तिरकी होऊन सरकू लागेपर्यंत हात आवरावा. तळाचा मासा आमिष उचलतो तेव्हा शिसेही उचलले जाते, आणि उभी काडी वर येऊन पाण्यावर आडवी पडते. तीच हिसका देण्याची वेळ. चैत्रात भुकेला असलेला पाच-सहा किलोचा कटला पहिल्या धावेत वीस-तीस मीटर तंगूस (गळाची दोरी) ओढून नेतो, म्हणून रिळाचा ब्रेक आधीच सैल ठेवावा.

मरळ, शिंगाळा आणि वाम यांचे गणित वेगळे. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या उथळ, झुडपी कोपऱ्यातही तो भर दुपारी टिकतो, आणि ठरावीक वेळाने वर येऊन हवा घेताना पाण्यावर वलय उठते. शिंगाळा आणि वाम रात्रीचे. दगडी भिंतींच्या फटीशी, काळोख पडल्यावर, तळाला जिवंत गांडूळ किंवा लहान मासा लावून. उन्हाळ्याच्या अखेरीस मरळाच्या तांबूस पिलांचा पुंजका पृष्ठभागावर हिंडताना दिसला, तर त्याखाली आईबाप राखण करत असतात. तिथे गळ टाकला तर राखण करणारा मरळ झडप घालणारच, आणि तो गेला की सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. तो सोडून द्यावा.

पक्ष्यांकडेही लक्ष असू द्यावे. रोहित (फ्लेमिंगो) उभे असतील तिथे पाणी गुडघाभर आणि तळ गाळाचा, म्हणजे आपल्या कामाचा नाही. पाणकावळे एका रेषेत बुड्या मारत पुढे सरकत असतील, किंवा नदी सुरय एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असेल, तर खाली लहान मासळीचा थवा आहे.

काठाविषयी सांगायलाच हवे. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळाची वरची पापडी वाळलेली दिसते, पण खाली मांडीपर्यंत रुतेल इतका मऊ चिखल असतो. हातात लांब काठी ठेवून आधी ती टोचून पाहावी आणि एकट्याने जाऊ नये. आणि वैशाखातल्या वळिवाचा भरवसा धरू नये. 21 मे 2024 रोजी कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. एवढ्या उघड्या पसरट पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते आणि काही मिनिटांत लाटा उसळतात. पश्चिमेकडे ढग काळे होऊन वारा अचानक पडला, की होडीतल्याने काठ गाठावा आणि काठावरच्याने काठी खाली ठेवावी.

जलाशयातल्या मासेमारीला परवाना लागतो आणि इथल्या भोई-कोळी कुटुंबांचे पोट तिच्यावर आहे, त्यामुळे आधी विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसावे. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) वडाप जाळ्याने बोटभर पिले उपसली जातात, ती विकत घेऊ नयेत. वैशाखात हाताला लागलेली रोहूची मादी पोटाने फुगलेली असेल तर तिला तापलेल्या दगडावर ठेवू नये. ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढावा, आणि ती स्वतः कल्ले हलवून निघेपर्यंत तोंड वाऱ्याकडे करून धरावी.

हे सगळे आडाखे पाणी उतरत असेपर्यंतचे. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटून दौंडजवळून भीमेत वाहून येणारा विसर्ग वाढू लागला, की गढूळ, गार, प्राणवायूने भरलेले पाणी फुगवट्यात शिरते, उघडी पडलेली गवताळ जमीन पुन्हा बुडते, आणि दरडीशी दबा धरून बसलेले मासे काही दिवसांतच त्या नव्या उथळ पाण्यात किडे-गांडुळे टिपायला येतात. तेव्हा गळ पुन्हा काठाजवळ, घोटाभर पाण्याच्या पुढे टाकायचा.